सतरावा गठ्ठा

वसई गाव
६ जानेवारी २०२६

उन्नती बाय,

तुझं नाव लिहिलं की आशीर्वाद त्याच्या मागून आपोआप येतात, म्हणून ते वेगळे लिहीत नाही.

काल हरेशने विरारहून फोन केला. म्हणाला, "बाबा, तुमची नात तीस तारखेला बंगळुरूच्या परिषदेत बोलणार आहे. परदेशातले लोक येणार आहेत ऐकायला." विषय काय म्हणून विचारलं तर तुझ्या बापाची गाडी अडली. "ते गॅमा किरणांचे स्फोट नाही का, आकाशात कुठेही चमकून जातात. त्यातले मंद स्फोट म्हणे एका जागी दिसतच नाहीत. तिथे भोक आहे. ते हिने शोधलंय." मी म्हटलं, "मला नको शिकवूस. तिच्या संस्थेने पाठवलेले तेच कागद वर्षभर वाचलेत मी, मंद स्फोट शोधत." बोललो खरा, पण फोन ठेवल्यावर समोरचा चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

मला आनंद झाला. हे मी आधी लिहायला हवं होतं.

आपली गच्ची आठवली. तू अकरावीत होतीस, सुट्टीत इथे राहायला आलेली. तुझी आजी पापड वाळत घालत होती आणि तू तिच्या हातातला एक ओला पापड काढून घेतलास. "आजोबा, समजा हा आकाशाचा नकाशा. पृथ्वीभोवतीचं सगळं आकाश सोलून सपाट केलं. हे जिरं म्हणजे एकेक स्फोट. कुठून येतात ते कोणालाच माहीत नव्हतं. मग लोकांनी काय केलं? नुसते ठिपके मांडत बसले. आपली आकाशगंगा ताटासारखी चपटी, आणि आपण तिच्या आत. स्फोट तिच्यातलेच असते तर जिरं या मधल्या पट्ट्यात दाटलं असतं. पण ते सगळीकडे सारखं आलं. म्हणजे ते आपल्या आकाशगंगेतले नव्हतेच, फार फार लांबून येत होते, सगळ्या दिशांनी." मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. मला विज्ञान कवितेसारखं कळतं, आधी चाल आणि अर्थ मागाहून. त्या दिवशी मात्र दोन्ही एकदम कळलं. नुसते ठिपके मांडून घर सापडतं, पाठलाग न करता!

आणि आजीने विचारलं, "एखाद्या जागी जिरंच नसलं तर?"

"तर आजी, मोठी बातमी!"

"कसली बातमी? मळणारीचं लक्ष नव्हतं म्हणायचं."

किती हसलो होतो तेव्हा.

असो. माझ्या जोडीने कागद वाचणाऱ्या ॲंजेला टीचरांनी सुकेळी केली आहेत, राजेळी केळी उन्हात वाळवून, मधासारखी. तुझ्या वाट्याची डब्यात काढून ठेवली आहेत. दीड वर्ष तू घरी आली नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुझ्या ईमेलवर "आदरणीय वाचक" असतं, तेही बरोबरच आहे, मी वाचकच आहे.

एक सहज विचारतो. भोक नेमकं कुठल्या भागात आहे?

तुझा,
आजोबा


१५ जानेवारी

उन्नती बाय,

काल संक्रांत झाली. मी व्हॉट्सॲपवर तुला चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. तुला ते पुसल्याच्या खुणाच दिसल्या असतील. तू नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलंस. त्याला मी तिळगुळाचं चित्र पाठवलं. चौतीस वर्षं निबंध तपासलेल्या माणसाला एक वाक्य जमू नये!

हरेशकडून कळलं की भोक मीन राशीत आहे. मग काल संध्याकाळी सातला मी गच्चीवर गेलो. नालासोपाऱ्याकडच्या टॉवरांच्या दिव्यांनी आता अर्धं आकाश धुऊन नेलंय, पण पश्चिमेला कळंबच्या बाजूला अजून थोडा काळोख शिल्लक आहे. तिथे भाद्रपदांचा चौकोन कलला होता. दोन चांदण्या पूर्वा भाद्रपदाच्या, दोन उत्तरा भाद्रपदाच्या, एखाद्याने उचलून बाजूला ठेवलेल्या खिडकीसारखा. त्याच्या खाली मीन. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेच बघत मी बराच वेळ उभा राहिलो.

बाय, आपल्या पूर्वजांनी महिन्यांना नावं कशी दिली ते तुला मीच शिकवलंय. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी, त्या नक्षत्राचं नाव महिन्याला. भाद्रपदात ते नक्षत्र रात्रभर आकाशात असतं. तूही गठ्ठ्यांचा क्रम तसाच लावलास. चोवीस गठ्ठे, पंधरा दिवसांना एक. राशींच्या पट्ट्याचे चोवीस तुकडे मी आणि टीचर या आमच्या जोडीला, आणि उत्तर-दक्षिणेचे पट्टे बाकीच्या जोड्यांना. सोबतच्या पानावर तू लिहिलं होतंस, "वाचकांनी रात्री बाहेर जाऊन आपला तुकडा जरूर पाहावा." तू माझ्यावर रागावलेली होतीस तरी एका म्हाताऱ्याला आपण वाचतोय ते आकाश डोक्यावर दिसावं म्हणून तू सगळा क्रम जुळवलास. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत.

तर भोक भाद्रपदाच्या जागी आहे. आणि भाद्रपद महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्या घरात काय करत नाहीत, ते तुला आठवतं का? मी फक्त विचारतो.

दुसरी गोष्ट. वर्गात कविता म्हणताना एखादी ओळ अडखळली, एक मात्रा कमी भरली, की मुलं म्हणायची, "सर, कवी चुकला." मी म्हणायचो, आधी छापणाऱ्याला विचारा. त्याने एखाद्या अक्षराचा खिळा गाळला असेल. कवीकडे सर्वांत शेवटी जायचं.

तू छापणाऱ्याला विचारलंस का?

ॲंजेला टीचर आल्या. फाटकाचा आवाज झाला. त्यांना हे पत्र दिसायला नको, म्हणून इथेच थांबतो.

आजोबा


१९ जानेवारी

उन्नती,

काल रविवारी हरेश जेवायला आला होता. आमटी वाढून घेताना सहज बोलून गेला, "तिच्या सरांनी विचारलं होतं म्हणे, परिषदेआधी तो तुकडा दुसऱ्या कोणाकडून परत वाचून घ्यायचा का. ही म्हणाली, गरज नाही, तो माझ्या आजोबांनी वाचलाय."

माझा घास तोंडातच राहिला. हरेश म्हणाला, "तिखट झालंय का?" मी म्हटलं, "हो."

आता लिहितो. आज लिहिलं नाही तर परत लिहिणार नाही.

सतरावा गठ्ठा मी वाचलेला नाही. उघडलेलाच नाही. तुझ्या संस्थेने बांधलेल्या सुतळीसकट तो आजीच्या कपाटात, तिच्या लुगड्यांखाली आहे.

गठ्ठा आला आठ सप्टेंबरला. भाद्रपदाचा वद्य पक्ष सुरू झाला होता. पितृपक्षात तुझी आजी नवीन काही उघडायची नाही. साबणाची नवी वडीसुद्धा नाही, जुनीचा चुरा चिकटवून पंधरा दिवस काढायची. मी तिची किती टिंगल करायचो. आणि हा तिचा पहिला पितृपक्ष. म्हणजे तिच्या नावाने पान मांडायचा पहिला. अविधवा नवमीला मी वाढलं, पानाला पाणी फिरवलं, हात धुतले आणि कपाट उघडून त्या सुतळीला हात लावला. हात मागे आला. तिला काय वाटेल, एवढंच मनात आलं. ज्या बाईला मी साबणावरून चिडवलं, तिच्यासाठी मी आकाश बांधून ठेवलं.

थांबता आलं असतं. बावीसला उघडला असता. पण तुझी ईमेल आली होती: "गठ्ठा क्रमांक १७ चा तक्ता २२ तारखेपर्यंत न मिळाल्यास वाचकांची जोडी बदलावी लागेल." मला वाटलं, एवढा एकच दोर राहिलाय तुझ्यापर्यंतचा. मी तक्ता काढला. साठ कागद, साठ ओळी. पहिल्या वाचकाचा रकाना, म्हणजे पहिला डोळा: नाही, नाही, नाही. मंद स्फोट एकही नाही. दुसरा डोळा: तेच.

दुसरा डोळाही मीच भरला. ॲंजेला टीचर बांद्र्याला बहिणीकडे होत्या, जत्रेआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनापासून जत्रा संपेपर्यंत. त्यांची सही मी केली.

वाटलं होतं की निवांत उघडीन, वाचीन, दुरुस्ती कळवीन. चुकून राहिलं म्हणीन. आणि पंचवीसला तुझा फोन आला. ईमेल नाही, फोन. सव्वा वर्षाने तुझा आवाज.

"आजोबा, सतराव्यात एकही नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"एकही? इतर सगळ्यांत बारा, तेरा, पंधरा आहेत. तुम्ही दोघांनी नीट बघितलंत ना?"

आणि मी म्हटलं, "दोघांनी बघितलं, बाय."

तू हसलीस. "आजोबा, हे काहीतरी आहे हं! मंद स्फोट सगळीकडे सारखे नसतील तर ते लांबून येतच नसतील. त्यांचं घर वेगळं असेल, जवळचं कुठलं तरी. आणि त्या घराला एका बाजूला खिंडार असेल." तू भरभर बोलत होतीस, अकरावीतल्यासारखी. मग विचारलंस, "जेवलात का?"

जेवलात का! त्यानंतर मला तो गठ्ठा उघडता येईना. उघडला नाही तोवर भोक खरं असण्याची शक्यता होती. मी चार महिने त्या शक्यतेवर जगलो.

हे पत्र मी उद्या टाकीन.

आजोबा


२३ जानेवारी

उन्नती,

एकोणिसाचं पत्र टाकलं नाही. त्याआधीची दोनही टाकली नव्हती. तीनही टेबलाच्या खणात होती. आज चारही एकत्र पाठवतोय, म्हणजे मी कसा कसा पळत होतो ते तुला क्रमाने दिसेल. दुरुस्त करून नवं, सुबक पत्र लिहायचा मोह झाला होता. आवरला.

मला भाग पाडलं ॲंजेला टीचरांनी. तू त्यांना लहानपणी पाहिलंय, शाळेत गणित शिकवायच्या, कुबड्या असल्यासारख्या दोन पट्ट्या घेऊन वर्गात जायच्या. बुधवारी आपला रिकामा डबा न्यायला आल्या, तेव्हा मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"टीचर, सतराव्या गठ्ठ्याच्या तक्त्यावर तुमची सही आहे."

"असणारच. चोवीसांवर आहे."

"सतराव्यावरची मी केलीय."

त्यांनी डबा खाली ठेवला. "मी कुठे होते?"

"बांद्र्याला."

"आणि मी आल्यावर तुम्ही मला काय सांगितलंत? हा गठ्ठा संस्थेने परत मागवला, अठराव्यापासून सुरू करू." त्या खुर्चीवर बसल्या. "सर, मी बत्तीस वर्षं पेपर तपासले. कॉपी करणारं पोर मी नुसत्या मानेवरून ओळखायचे. आणि तुम्ही चार महिने माझ्यासमोर बसून चहा पिताय."

मी डबा उचलून टेबलावर ठेवला.

"माझी सही जमली कशी तुम्हाला?"

"तुमची सही सोपी आहे, टीचर. गणितासारखी स्वच्छ."

"लाडीगोडी नको!" असा आवाज त्यांनी वर्गातही कधी चढवला नसेल. मग हळू म्हणाल्या, "माझं पाप असतं तर मी रविवारी फादरांना सांगून मोकळी झाले असते. हे तुमचं आहे. आणि फादर काय आकाशाचा नकाशा दुरुस्त करणार आहेत? त्या पोरीला सांगा."

"ती माझा फोन उचलत नाही. सप्टेंबरात केला तो तिनेच, एकदाच."

"माझा उचलेल. म्हणूनच मी करणार नाही. तुम्ही सांगायचं."

"तिचं भाषण मोडेल, टीचर. तीसला आहे."

"आणि तीसला बोलून झाल्यावर कोणी तो तुकडा परत वाचला तर? भाषण नाही मोडणार सर, तिचं नाव मोडेल."

मग आम्ही गठ्ठा काढला. सुतळी त्यांनी कापली, मला कापू दिली नाही. तीस कागद त्यांनी उचलले आणि तीस मला दिले. आपली खुर्ची स्वतः उचलून ओटीवर नेली. "तुम्ही आत, मी बाहेर. झाले की अदलाबदल. एकमेकांच्या खुणा बघायच्या नाहीत. आणि खूण शाईने, सर. खोडायचं नाही."

दोन दिवस लागले. तुला माहीत आहे मी कसा वाचतो. कागदावरची ती खडबडीत रेघ म्हणजे माझ्या लेखी भाताचं खाचर, वाऱ्याने सगळी पाती थोडी थोडी हलतायत. त्यात मंद स्फोट म्हणजे एके ठिकाणी पाती किंचित एकत्र वाकलेली. यंत्राला ते दिसत नाही, म्हणून तर तू माणसं लावलीस. मी बोटांनी टेबलावर ठेका धरतो, लघु-गुरु मोजल्यासारखा. ठेका चुकला की थांबतो. पहिल्याच दहा कागदांत तीन वेळा थांबलो. तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी प्यायलो. भोक बुजत होतं, उन्नती. माझ्याच हाताने एकेक ठिपका टाकून मी तुझी बातमी बुजवत होतो.

मला चौदा सापडले. टीचरांना तेरा. तेराही दोघांचे जुळतात. इतर गठ्ठ्यांइतकेच. तुझं आकाश सगळीकडे सारखं आहे. मळणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

आता दुसरं. ते याच्याहूनही जुनं आहे.

जून चोवीसमध्ये आजी अकरा दिवस दवाखान्यात होती. तुझी बंगळुरूची निवड त्याच आठवड्यात होती. तू रोज फोन करायचीस, मी रोज म्हणायचो, "आजी झोपलीय." बाराव्या दिवशी तू आलीस ती थेट अंगणात, आजीला शेवटचं ठेवलं होतं तिथे, आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "अकरा दिवस झोपली होती आजी?" मी तेव्हा म्हटलं होतं, तुझ्या भल्यासाठी. आजही मनात हेच आलं होतं की भाषण होऊ दे, तिच्या भल्यासाठी. आता कळतंय की दोन्ही वेळा मी तुझं भलं बघत नव्हतो. तुझा आनंदातला आवाज ऐकायची मला हाव होती. आजी शुद्धीवर होती तेव्हा तिने दोनदा विचारलं, "उन्नतीला कळवलंत का?" मी तिलाही हो म्हणालो.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

कुरियरवाला म्हणतो, सव्वीसची सुट्टी मध्ये आली, सत्तावीसला पोचेल. तेवढ्यावर विसंबत नाही. आत्ता टीचर समोर बसल्या आहेत आणि मी व्हॉट्सॲपवर लिहितोय: "सतरावा गठ्ठा आम्ही वाचला नव्हता. भोक खोटं आहे. चूक माझी एकट्याची, टीचरांची नाही. आता वाचलाय, १३ आहेत. कागद पाठवतोय."

पाठवलं. पुसलं नाही.

आजोबा


२८ जानेवारी

उन्नती,

दोन निळ्या खुणा तेवीसलाच संध्याकाळी पाच चाळीसला आल्या. आज पाच दिवस झाले. कुरियर काल पोचल्याचं हरेशने फोनवर बघून सांगितलं, घेणाऱ्याची सही "उन्नती" अशी आहे म्हणाला. सही तुझीच असेल.

हरेशला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. "बाबा, तुम्ही शिक्षक ना?" एवढंच म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन गेला.

टीचर रोज येतात. ओटीवर बसून नव्या सुकेळ्यांसाठी केळी सोलतात. आज मी म्हटलं, "परवा तीस तारीख." त्या म्हणाल्या, "मला मोजता येतं, सर."

मला काही सुचत नाही. पाठ असलेल्या कविता म्हणायला घेतल्या तर दुसऱ्या कडव्यापाशी अडतोय. हे पत्र टाकणार नाही, असं म्हणणार होतो. पण आता न टाकलेली पत्रं पुरेत. टाकतोय.

आजोबा


५ फेब्रुवारी

उन्नती बाय,

तुझं पत्र आज आलं. कागदावर, शाईने. पाकिटावर अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, "सर, हल्ली असं हाताने कोण लिहितं?" मी पाकीट ओटीवरच फोडलं. टीचर होत्या, म्हणाल्या, मोठ्याने वाचा, माझीही सही गुंतलीय त्यात. म्हणून मोठ्याने वाचलं, वर्गातल्यासारखं:

"आजोबा, मेसेज आला तेव्हा मी भाषणाच्या स्लाईड बनवत होते. आधी वाटलं, तुमचा फोन कोणीतरी हॅक केलाय. मग टीचरांना फोन लावणार होते, पण नाही लावला. कुरियर येईपर्यंत मी कोणाशीच बोलले नाही. पत्रं दोनदा वाचली. मी चिडलेय, आणि अजून बरेच दिवस चिडलेली राहणार आहे, ते तुम्हाला माहीत असू दे.

"तीसला मी बोलले. उभं राहून सांगितलं की भोक आकाशात नव्हतं, आमच्या वाचनात होतं. समोरून एकाने विचारलं, हे कसं झालं? मी सांगितलं, आमच्याकडे वर्षातले पंधरा दिवस नवीन काही उघडत नाहीत, आणि मी गठ्ठ्यांचा क्रम असा लावला होता की ते पंधरा दिवस आकाशात एका जागी जाऊन बसले. हॉल हसला. मी नाही हसले. चूक तुमची एकट्याची नाही, क्रम मी लावला होता, आणि सरांना नको म्हणणारीही मीच.

"चोवीसही गठ्ठे आता नव्या वाचकांकडे जातील. एक सही खोटी निघाली की बाकीच्या धरता येत नाहीत. त्यात माझे आणखी आठ महिने जातील. तुमचं नाव वाचकांच्या यादीतून काढलंय. टीचरांचंही काढावं लागलं, त्यांना सॉरी सांगा."

इथे टीचर म्हणाल्या, "सांगितलं असं समजा. पुढे वाचा."

"आजी दोनदा विचारत होती, हे तुम्ही मला दीड वर्ष का नाही सांगितलंत? मला वाटत होतं, तिला माझी आठवणच झाली नाही.

"सतरावा गठ्ठा मी स्वतः वाचला. तुमच्या दोघांच्या खुणा झाकून. बारा आपल्या तिघांचे जुळतात. एकेचाळीसवर मात्र तुम्ही दोघांनी 'आहे' लिहिलंय. आजोबा, एकेचाळीसमध्ये काहीही नाही. नुसता वारा आहे. मला समोर बसून दाखवा, कुठे दिसला तुम्हाला. कागद घेऊन शनिवारी येतेय, दोन दिवस आहे. आजीचं कपाट मी येईपर्यंत कोणी उघडू नका."

मी पत्र घडी करून ठेवलं. मग टीचरांनी विचारलं, "एकेचाळीस म्हणजे कोणता हो?"

"तो, दोन आखूड आणि एक लांब. शेवटी हळूच उतरणारा."

"तो आहेच, सर. मी दोनदा बघितलाय."

"मीही."

"ती म्हणते, नाही."

"म्हणू दे."

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. एकवीस तारखेनंतर पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "शनिवारी मी दुपारीच येईन. बोंबील आणते अर्नाळ्याहून."

बाय, कपाटाला हात लावलेला नाही. सुकेळ्यांचा डबा तसाच आहे. तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो, त्याला उद्या माणूस येईल.

एकेचाळीसाव्या कागदाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. पूर्वीचा मी असतो तर तू फाटकातून आत येताच म्हणालो असतो, "तुझंच बरोबर, बाय, माझे डोळे म्हातारे झाले." तुला बरं वाटलं असतं, मला त्याहून बरं वाटलं असतं. पण तिथे पाती वाकली आहेत. मी ठेका तीन वेळा धरून बघितलाय. माझं नाव यादीत नसलं तरी खूण शाईची आहे आणि ती मी बदलणार नाही.

शनिवारी ये, आणि भांड.

रामनाथ,
तुझा आजोबा